दातांवरील थर ओळखा, दात राखा

माळेगावच्या यात्रेत किंवा हाळी हंडरगुळीच्या बाजारात लाल कंधारी अथवा देवणी गोऱ्हा घेताना आपण प्रथम त्याचा ओठ वर करून दात पाहतो. तो दोन दाती आहे की चार दाती, हे पाहिल्याशिवाय सौदा होत नाही. दातावरून जनावराचे वय कळते हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. मात्र स्वतःच्या आणि घरातील मुलाबाळांच्या तोंडात आपण दाढ ठणकेपर्यंत डोकावून पाहत नाही. दाढ ठणकू लागते तेव्हा बहुतेक वेळा नुकसान होऊन गेलेले असते आणि दात काढण्याची वेळ येते.

दात खराब होण्याची सुरुवात दुखण्यापासून होत नाही. ती दातांवर साचणाऱ्या एका पातळ, चिकट थरापासून होते. हा थर रोज काढला तर दात किडणे आणि हिरड्या सुजणे हे दोन्ही रोग मोठ्या प्रमाणात टाळता येतात. परंतु दातावर दिसणारी प्रत्येक गोष्ट घासून निघत नाही. कोणती घासून निघते, कोणती दवाखान्यात काढावी लागते आणि कोणती मुळीच घासू नये, हे ओळखता आले पाहिजे. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील शेतकरी कुटुंबांना ही ओळख विशेष उपयोगी आहे, कारण आपल्या भागात तिसऱ्या प्रकारचे डाग असलेली गावे आहेत.

दातांवर काय दिसते?

१) चिकट थर : हा पांढरट, मऊ थर हिरडीलगत आणि दोन दातांच्या फटीत साचतो. नखाने किंवा काडीने खरवडल्यास तो निघतो. पातळ असताना तो डोळ्यांना दिसत नाही, पण सकाळी उठल्यावर जीभ दातांवरून फिरवली की बुळबुळीत लागतो. दंतवैद्य याला प्लाक म्हणतात.

२) कीटण : चिकट थर वेळेवर न काढल्यास लाळेतील क्षार त्यात बसतात आणि तो दगडासारखा घट्ट होतो. खालच्या पुढच्या दातांच्या आतील बाजूस आणि वरच्या दाढांच्या गालाकडील बाजूस तो अधिक आढळतो. रंग पिवळा, तपकिरी किंवा काळा असतो. नखाने तो निघत नाही.

३) पाण्यातील फ्लोराईडचे डाग : हे दातावर साचलेले नसून दाताच्या अंगातच असतात. खडूसारखे पांढरे ठिपके, आडवे पट्टे, आणि तीव्रता जास्त असल्यास पिवळे-तपकिरी डाग, असे त्यांचे स्वरूप असते. डाव्या व उजव्या बाजूच्या जोडीच्या दातांवर ते सारखेच दिसतात. एकाच गावातील, एकाच बोअरचे पाणी पिणाऱ्या अनेक मुलांच्या दातांवर ते आढळले, तर पाण्याचा संशय घ्यावा.

पहिला थर घरी काढावयाचा, दुसरा दंतवैद्याकडून काढून घ्यावयाचा आणि तिसऱ्यासाठी पिण्याचे पाणी बदलावयाचे, एवढे सूत्र लक्षात ठेवावे.

चिकट थर कसा तयार होतो?

ठिबक संचाची नळी काही महिने न धुता वापरली तर आतून शेवाळ व जीवाणूंचा बुळबुळीत थर धरतो आणि पुढे क्षार बसून तोट्या बंद होतात, हा अनुभव अनेकांना आहे. तोंडातही असेच घडते. दात स्वच्छ घासल्यानंतर काही मिनिटांतच लाळेतील प्रथिनांचा अतिशय पातळ पापुद्रा दातावर बसतो. त्यावर तोंडातील जीवाणू चिकटतात, वाढतात आणि अन्नातील साखरेपासून स्वतःभोवती डिंकासारखा पदार्थ तयार करतात. त्यामुळे केवळ चूळ भरून हा थर निघत नाही. तो घासूनच काढावा लागतो. ठिबकच्या नळीस आपण आम्ल प्रक्रिया देतो. दातांच्या बाबतीत मात्र आम्ल हाच शत्रू आहे, हे विसरू नये.

हॉलंडमधील लेव्हेनहूक याने १६८३ मध्ये आपल्याच दातांवरील पांढरा मळ स्वतः बनविलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्यात हालचाल करणारे असंख्य सूक्ष्म जीव त्याला दिसले. मनुष्याने जीवाणू पाहिल्याची ही अगदी सुरुवातीची नोंद आहे.

हे जीवाणू साखर खाऊन आम्ल तयार करतात. दाताचे बाहेरील कवच, म्हणजे एनॅमल, हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ होय. परंतु थराखालील सामू साधारण ५.५ च्या खाली गेला की त्यातील कॅल्शियम व फॉस्फेट विरघळू लागते. लाळ हे आम्ल हळूहळू उदासीन करते आणि क्षार परत दातात भरते. त्यासाठी साधारण अर्धा ते एक तास लागतो. हा वेळ मिळण्यापूर्वीच पुन्हा गोड खाल्ले तर झीज होतच राहते आणि शेवटी खड्डा पडतो.

हाच थर हिरडीलगत साचला की हिरडी लाल होते, सुजते आणि घासताना रक्त येते. १९६५ मध्ये डेन्मार्कमधील आऱ्हूस येथे हॅराल्ड लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा निरोगी व्यक्तींना दात घासणे पूर्ण बंद करावयास सांगितले. दहा ते एकवीस दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा दात घासणे सुरू केल्यानंतर सुमारे आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. सुरुवातीची सूज केवळ स्वच्छतेने बरी होते, हे यावरून लक्षात येईल. दुर्लक्ष केल्यास मात्र सूज खोल जाते, दाताभोवतीचे हाड झिजते आणि दात हलू लागतात. यालाच आपण पायोरिया म्हणतो. झिजलेले हाड आपोआप भरून येत नाही.

घरच्या घरी प्रात्यक्षिक

आपले दात खरोखर स्वच्छ होतात की नाही, हे तपासण्याची सोपी रीत आहे. नेहमीप्रमाणे दात घासावेत. नंतर बीटाचा एक तुकडा चावून त्याचा रस अर्धा मिनिट तोंडात सर्वत्र फिरवावा आणि एकदा साध्या पाण्याने चूळ भरावी. उजेडात आरसा घेऊन पाहावे. जेथे थर राहिला आहे तेथे लाल रंग धरलेला दिसेल. बहुधा हा रंग हिरडीच्या कडेला, मागच्या दाढांवर आणि दातांच्या आतील बाजूस आढळतो. मुलांना हा खेळ आवडतो आणि कोठे घासावयाचे राहते हे त्यांना सांगावे लागत नाही.

दात घासण्याची योग्य पद्धत

१) दिवसातून दोन वेळा दात घासावेत. त्यांपैकी रात्री झोपण्यापूर्वीचे घासणे चुकवू नये. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे रात्रभर राहिलेला थर अधिक नुकसान करतो.

२) ब्रश मऊ केसांचा वापरावा. केस वाकडे झाल्यावर, अथवा साधारण तीन महिन्यांनी, तो बदलावा. प्रत्येकाचा ब्रश वेगळा असावा.

३) ब्रश हिरडी व दात यांच्या सांध्यावर तिरपा धरावा. जागच्या जागी हळुवार लहान गोल फिरवून वरच्या दातांसाठी खाली आणि खालच्या दातांसाठी वर झटकावे. जोर लावून आडवे घासू नये. त्यामुळे हिरडी मागे सरते व दाताच्या मुळाशी खाच पडते.

४) बाहेरची बाजू, आतली बाजू आणि चावण्याची बाजू अशा तिन्ही बाजू क्रमाने घासाव्यात. एकूण दोन मिनिटे तरी द्यावीत. शेवटी जीभ साफ करावी.

५) फ्लोराईडयुक्त पेस्ट वापरावी. मोठ्या माणसास वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. घासून झाल्यावर फेस थुंकून टाकावा. लगेच भरपूर पाण्याने खळखळून चुळा भरल्यास पेस्टचा उपयोग कमी होतो.

६) हिरडीतून रक्त येते म्हणून घासणे बंद करू नये. ती जागा हळुवार पण नियमित घासावी. आठ-दहा दिवसांत रक्त न थांबल्यास दंतवैद्यास दाखवावे.

७) फवारणी, बीजप्रक्रिया किंवा खत टाकण्याचे काम केल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय बोट किंवा दातवण तोंडात घालू नये.

दातवण, राखुंडी आणि मिसरी

बाभळीची किंवा कडुनिंबाची काडी वापरण्यास हरकत नाही. करंगळीएवढी जाड, ताजी काडी घ्यावी. टोक चावून त्याचा मऊ कुंचला करावा आणि तो वर सांगितल्याप्रमाणे हिरडीपासून दाताकडे फिरवावा. पुढचे चार दात घासून काडी फेकून दिली तर दाढा तशाच राहतात. काडीने आतील बाजू नीट साफ होत नाही व फ्लोराईडही मिळत नाही. म्हणून सकाळी काडी वापरणाऱ्यांनी रात्री ब्रश व पेस्ट वापरावी.

राख, कोळसा, विटेची भुकटी किंवा वाळू यांनी दात घासू नयेत. सुरुवातीस दात पांढरे दिसतात, पण खरखरीत कणांमुळे एनॅमल झिजते, आतील पिवळा भाग उघडा पडतो आणि दातांना थंड-गरम झोंबू लागते. एकदा झिजलेले एनॅमल पुन्हा येत नाही.

मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखू होय. ती दात स्वच्छ करण्याचे साधन नाही. आपल्याकडे अनेक भगिनी दात घासण्याच्या निमित्ताने मिसरी लावतात आणि तिची सवय जडते. मग दिवसातून चार-पाच वेळा ती लावल्याशिवाय चैन पडत नाही. तंबाखूमुळे हिरडी मागे सरते आणि तोंडाचा कर्करोग होतो. याच कारणास्तव टूथपेस्ट व दंतमंजनात तंबाखू वापरण्यास देशात १९९२ मध्ये बंदी घालण्यात आली. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. सुपारीच्या सवयीने तोंडाचे आतील अस्तर ताठर होऊन तोंड उघडणे कमी होत जाते. तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील, तर तातडीने तपासणी करून घ्यावी. गरोदर स्त्रीने मिसरी लावल्यास बाळाचे वजन कमी भरण्याचा धोका असतो. ही सवय सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मोफत दूरध्वनी क्रमांकावर मार्गदर्शन मिळते.

गूळ, ऊस आणि चहा

मांजरा काठच्या ऊस पट्ट्यात गूळ व रस यांची कमतरता नाही. गूळ साखरेपेक्षा दातांना चांगला, असा समज आहे. तो बरोबर नाही. जीवाणूंना साखर काय आणि गूळ काय, दोन्ही सारखेच. उलट गूळ चिकट असल्याने दाढेच्या खाचेत जास्त वेळ राहतो. ऊस चावल्याने दात साफ होतात हाही गैरसमज आहे. त्यातील साखर हिरडीलगतच्या थराला मिळतच असते.

येथे किती गोड खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले याला जास्त महत्त्व आहे. जेवणाबरोबर गुळाचा खडा खाल्ला तर आम्लाचा हल्ला एकदाच होतो. दिवसभरात सहा वेळा साखरेचा चहा घेतला तर तो सहा वेळा होतो, आणि बरोबर बिस्किट असेल तर त्याचा लगदा दाढांत अडकून राहतो. म्हणून गोड खाणे जेवणाच्या वेळीच ठेवावे. शेतातील मधल्या वेळच्या चहात साखर कमी करावी. मधल्या भुकेला फुटाणे, शेंगदाणे, काकडी किंवा ताक घ्यावे. खाल्ल्यानंतर साध्या पाण्याने चूळ भरावी. मधुमेह असणाऱ्यांनी हिरड्यांची विशेष काळजी घ्यावी. रक्तातील साखर वाढली की हिरड्यांचा रोग बळावतो आणि हिरड्यांचा रोग असला की साखर आटोक्यात ठेवणे कठीण जाते.

कीटण झाले असल्यास

कीटण चाकू, सुई किंवा पिनेने खरवडू नये. हिरडीस जखम होऊन जंतुसंसर्ग होतो. लिंबू व सोडा चोळण्याचा उपायही करू नये. लिंबाच्या आम्लाने कीटणाबरोबर दातही झिजतो. दंतवैद्य उपकरणाने कीटण काढतात. यात साधारणपणे भूल द्यावी लागत नाही.

दात साफ करून घेतले की ते हलू लागतात किंवा फटी पडतात, अशी भीती पुष्कळांना वाटते. खरे पाहता दाताभोवतीचे हाड आधीच झिजलेले असते आणि कीटणाने ती जागा भरलेली असते. कीटण काढल्यावर खरी स्थिती दिसू लागते, एवढेच. वरची दाढ काढल्याने नजर कमी होते हाही निव्वळ गैरसमज होय. दात व डोळ्याची दृष्टी यांचा असा संबंध नाही.

पाण्यामुळे पडणारे डाग

नांदेड जिल्ह्याच्या काही भागांत, विशेषतः किनवट परिसरात, भूजलात फ्लोराईडचे प्रमाण जास्त आढळले आहे. तेथे ग्रॅनाईटसारखे खडक आहेत. या खडकांतून दीर्घकाळ मुरलेल्या पाण्यात फ्लोराईड उतरते. देशात २००८-०९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय फ्लोरोसिस प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रमात नांदेड जिल्ह्याचा समावेश करण्यात आला तो यामुळेच. एका लिटर पाण्यात १ मिलीग्रॅमपर्यंत फ्लोराईड असावे, आणि दुसरा स्रोत नसल्यास जास्तीत जास्त १.५ मिलीग्रॅम चालते, असे भारतीय मानक आहे.

थोडे फ्लोराईड दात मजबूत करते आणि जास्त फ्लोराईड दात बिघडवते. मुलांचे कायमचे दात जबड्यात तयार होत असतात त्या वयात, म्हणजे जन्मापासून साधारण आठ वर्षांपर्यंत, जास्त फ्लोराईडचे पाणी पोटात गेल्यास एनॅमल सदोष तयार होते. दात बाहेर येतो तोच डाग घेऊन येतो. म्हणून अशा मुलास आळशी समजून रागावू नये, वर्गात इतरांसमोर बोलू नये, आणि डाग जावेत म्हणून राख किंवा मिसरी लावावयास तर मुळीच देऊ नये. त्या मुलाचा दोष नाही, पाण्याचा आहे. लग्नाच्या वयातील मुलामुलींना या डागांमुळे संकोच वाटतो. दंतवैद्य सौम्य डाग फिकट करू शकतात आणि गडद डागांवर दाताच्या रंगाचा लेप बसवू शकतात.

दातांवरील डाग ही धोक्याची पहिली सूचना समजावी. तेच पाणी वर्षानुवर्षे प्यायल्यास हाडे व सांधे ताठर होण्याचा विकार जडतो आणि तो बरा होत नाही. यासाठी पुढील उपाय करावेत.

१) पिण्याच्या पाण्याची तपासणी करून घ्यावी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत ही सोय असते. ग्रामपंचायतीमार्फत नमुना पाठविता येतो.

२) नमुन्यासाठी स्वच्छ प्लास्टिकची एक लिटरची बाटली घ्यावी. काच वापरू नये. पंप काही मिनिटे चालवून त्याच पाण्याने बाटली तीन वेळा विसळावी, मग भरावी. गाव, स्रोत व तारीख लिहून चिठ्ठी लावावी.

३) गावातील सर्व विहिरी व बोअर तपासावेत. एकाच शिवारातील दोन स्रोतांत मोठा फरक असू शकतो. कमी फ्लोराईडचा स्रोत पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी राखून ठेवावा. इतर पाणी धुण्या-भांड्यास व जनावरे धुण्यास वापरावे.

४) पाणी उकळून फ्लोराईड जात नाही. उकळल्याने पाणी आटते आणि प्रमाण उलट वाढते. गाळून किंवा तुरटी फिरवूनही ते पुरेसे कमी होत नाही. ठराविक मात्रेत तुरटी व चुना वापरण्याची नलगोंडा पद्धत नागपूरच्या नीरी या संस्थेने विकसित केली आहे, परंतु ती तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखालीच वापरावी. पत्र्यावरील किंवा स्लॅबवरील पावसाचे पाणी, पहिल्या सरी सोडून, स्वच्छ टाकीत साठविल्यास फ्लोराईडमुक्त पाणी मिळते. ते पिण्यापूर्वी मात्र निर्जंतुक करावे.

लहान मुलांसाठी

पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात येतो. तेव्हापासून ओल्या मऊ कापडाने तो पुसावा. दुधाची बाटली तोंडात ठेवून बाळास झोपवू नये. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी पेस्ट द्यावी व ती गिळू देऊ नये. पाण्यात फ्लोराईड जास्त असलेल्या गावात सहा वर्षांखालील मुलास कोणती पेस्ट द्यावी, हे दंतवैद्यास विचारावे. सात-आठ वर्षांपर्यंत मूल स्वतः नीट घासू शकत नाही. रात्री आईवडिलांपैकी एकाने त्याचे दात घासून द्यावेत.

सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागे एक नवी दाढ येते. कोणताही दात न पडता ती येत असल्याने पालक तिला दुधाची समजतात आणि किडली तरी पडून जाईल म्हणून सोडून देतात. ही दाढ कायमची आहे. ती गेली तर दुसरी येत नाही.

दवाखान्यात केव्हा जावे?

दुखत नसले तरी वर्षातून एकदा दात तपासून घ्यावेत. नांदेड व लातूर येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, तसेच दोन्ही ठिकाणी दंत महाविद्यालयेही आहेत. दंतवैद्य उपलब्ध असलेल्या ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयातही तपासणी होते. हिरडीतून वारंवार रक्त येणे, दात हलणे, दातावर काळा खड्डा दिसणे, थंड-गरम झोंबणे, गालावर सूज येणे, अथवा तोंडातील पांढरा-लाल चट्टा किंवा व्रण पंधरा दिवसांत भरून न येणे, यांपैकी काहीही आढळल्यास वाट पाहू नये. दुखऱ्या दाढेत तंबाखू, चुना किंवा बॅटरीतील द्रव भरण्याचे प्रकार अत्यंत घातक आहेत.

तण दोन पानांवर असताना एका खुरपणीत निघते, पण बी धरल्यावर पुढील कित्येक हंगाम पुरते. दातांवरील थराचेही तसेच आहे. आज रात्री घरातील सर्वांनी दिव्याच्या उजेडात एकमेकांचे दात पाहावेत. मऊ थर असेल तर ब्रश हाती घ्यावा, घट्ट कीटण असेल तर दवाखान्याचा दिवस ठरवावा, आणि मुलांच्या दातांवर जोडीने सारखे डाग असतील तर उद्या सकाळी पाण्याची बाटली भरून ग्रामपंचायतीत जावे.